एप्रिलमध्ये अळू हिरवं का आहे?

पत्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला पाटबंधाऱ्याचा मातीचा लहान तलाव आहे. उंची बारा मीटर आहे असं म्हणतात. बांधून पंचवीसेक वर्षं झाली. तलाव झाल्यापासून ओढ्याला मोठा पूर आला नाही, म्हणून ओढ्याकाठी आठ-दहा घरं नव्यानं झाली. त्यात आमचंही आहे. गेली तीन वर्षं बांधाच्या पायथ्याशी पाणी येतंय. आता एप्रिलमध्येही तिथे अळू हिरवंगार आहे, बायका तिथेच कपडे धुतात. बांधावर झाडं वाढलीत, खेकड्यांची बिळं आहेत. सांडव्यावर पोरं दरवर्षी वाळूची पोती रचतात, म्हणजे पाणी जास्त राहतं, आणि मासेवाल्यांनी जाळी बांधली आहे. ग्रामसभेत बोलले तर सासरे म्हणाले, 'इतकी वर्षं काही झालं नाही.' बाकीचे म्हणाले, 'तू तक्रार केलीस की साहेब येऊन तलाव रिकामा करतील, मग मे महिन्यात पाणी कुठलं प्यायचं?' नवरा मुंबईला असतो. पावसात रात्र रात्र झोप लागत नाही, तिवऱ्याचं फुटलेलं धरण आठवतं. मी उगीच घाबरतेय का? आणि काही करायचं तर सुरुवात कुठून करू?"

ताई,

उगीच घाबरत नाही आहात. पण पत्रात तुम्ही ज्या गोष्टी एका दमात सांगितल्या, त्या सगळ्या सारख्या धोक्याच्या नाहीत. ज्या गोष्टीला तुम्ही जेमतेम अर्धी ओळ दिलीत, ती मला सगळ्यात जास्त टोचली. तिच्याकडे येतो, आधी अळू.

मातीचं धरण पाझरतंच. पाझरत नाही असं मातीचं धरण मी पाटबंधाऱ्याच्या माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही. मधे दाबलेल्या चिकण मातीचा गाभा असतो, त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण असतं, आणि खालच्या बाजूच्या पायथ्याशी दगडांचा निचरा केलेला असतो. गाभ्यातून झिरपलेलं थोडं पाणी त्या दगडांतून सुखरूप बाहेर पडावं म्हणूनच तो असतो. त्यामुळे पायथ्याशी ओल दिसली की धरण गेलं, असं नाही. प्रश्न तीन आहेत. पाणी नेमकं कुठून बाहेर येतंय, ते निवळ आहे की गढूळ, आणि ते वाढतंय का.

एप्रिलमधलं अळू मला खटकतं ते एवढ्यासाठी, की एप्रिलमध्ये तुमचा तलाव निम्म्याच्या खाली असणार. पाणी इतकं उतरल्यावरही पाझर चालू आहे, म्हणजे त्याची वाट खोलवर आहे. कदाचित पायाच्या खालून असेल. आपल्याकडे जांभ्याच्या खाली मऊ, पांढरट-गुलाबी माती लागते, ती पाण्याबरोबर सहज वाहते. कदाचित वाट मोरीच्या, म्हणजे बांधाच्या पोटातून पाणी सोडायच्या वाटेच्या, कडेनं असेल. किंवा तो निव्वळ डोंगराचा झरा असेल आणि धरणाशी त्याचा संबंधही नसेल. इथे बसून मी ते सांगू शकत नाही, आणि पत्र वाचून कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण तुम्ही स्वतः बरंच शोधून काढू शकता, तेही या आठवड्यात.

एक साधा काचेचा ग्लास घ्या. स्टीलचा नको, काचेचाच. जिथे पाणी बाहेर पडतंय तिथे, कपडे धुण्याच्या दगडाच्या वरच्या अंगाला, बायका यायच्या आधी सकाळी तो भरा. उन्हात एखाद्या दगडावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि तळाशी बघा. तळ स्वच्छ राहिला तर पाणी नुसतं झिरपतंय. तळाशी बारीक मातीचा थर बसला तर ती माती धरणाची आहे असंच धरून चाला. पाणी आतून धरण खात बाहेर येतंय. यालाच आम्ही नळी पडणं म्हणतो. एक एक कण निघत जातो, आत पोकळी होते, पोकळी मोठी झाली की पाण्याचा जोर वाढतो, जोर वाढला की माती आणखी निघते. बाहेरून बघणाऱ्याला बराच काळ काहीच दिसत नाही. मग एका दिवसात, कधी काही तासांत, सगळं संपतं.

दुसरं काम मोजायचं. पाझराच्या खाली दगड-माती लावून एक लहानसा बांध घाला आणि त्यात अडीच-तीन इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा बसवा, म्हणजे सगळं पाणी त्यातूनच पडेल. खाली पंधरा लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. बादली पन्नास सेकंदांत भरली तर मिनिटाला अठरा लिटर झालं. वहीत तारीख, वेळ, किती सेकंदांत बादली भरली ते, ग्लासाचा तळ स्वच्छ की मातकट, आणि तलावाची पातळी, एवढं लिहा. पातळीसाठी फूटपट्टी नको. मोरीच्या विहिरीच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर दिसतात ते मोजलं तरी पुरे. आता आठवड्यातून एकदा, पाऊस लागल्यावर रोज. पाऊस पडत असताना वरून वाहून येणारं पाणी पाझरात मिसळतं, म्हणून पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांनी मोजा. एकच फोटो एकाच जागी उभं राहून दर खेपेला काढा.

पातळी लिहायला का सांगतो? तलाव भरल्यावर पाझर वाढणारच, त्यात काही नवल नाही. पण पायऱ्या तेवढ्याच दिसतायत आणि बादली मागच्यापेक्षा लवकर भरतेय, तर आत काहीतरी बदललंय. अशा दोन पानांच्या वहीनं कार्यालयातला माणूस खुर्चीतून उठतो. "साहेब, लई पाणी येतंय" या वाक्यानं उठत नाही, हे मी खुर्चीच्या त्या बाजूला बसून पाहिलं आहे.

आता त्या अर्ध्या ओळीकडे येतो. सांडव्यावरची पोती.

ताई, बाकी सगळं एक वेळ पुढच्या वर्षावर जाईल, पण पोती आणि जाळी मृगाच्या आधी निघालीच पाहिजेत. मोठा पाऊस आला की तलावात येणारं पाणी बांधाच्या माथ्याच्या बरंच खालून निघून जावं म्हणून सांडवा असतो. सांडव्याची पातळी आणि बांधाचा माथा यांच्यात जी उंची मोकळी ठेवलेली असते, ती रिकामी पडलेली जागा नव्हे. पुराच्या वेळी सांडव्यावरून पाच-सहा फूट पाण्याचा पडदा वाहू शकतो, वर वाऱ्याच्या लाटा असतात. हा सगळा हिशोब करून ती उंची ठेवलेली असते. पोरांनी दोन फूट पोती रचली म्हणजे त्यातली दोन फूट त्यांनी खाल्ली. मासेवाल्यांच्या जाळीला पहिल्याच पुरात पालापाचोळा, फांद्या, प्लास्टिक अडकतं आणि जाळीची भिंत होते. मग पाणी चढत जातं आणि माथ्यावरून वाहायला लागतं. दगडी किंवा काँक्रीटचं धरण माथ्यावरून वाहिलं तरी बहुधा टिकतं. मातीचं टिकत नाही. खालचा उतार पाणी वरून खाली कुरतडत जातं आणि बांधाला खिंडार पडतं.

पोरांवर ओरडू नका. त्यांना पाणी जास्त हवंय, यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना बांधावर घेऊन जा, सांडव्यापासून माथ्यापर्यंत एक दोरी सोडायला सांगा, आणि गेल्या पावसात पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण त्यांनाच दाखवायला सांगा. गवतावर, पिचिंगच्या, म्हणजे पाण्याच्या बाजूच्या उतारावर बसवलेल्या, दगडांवर काड्या-कचऱ्याची एक रेघ राहते. ती रेघ माथ्याच्या किती जवळ आहे हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पोती काढायला तीच पोरं पुढे होतात. मासेवाल्यांशी मात्र ग्रामपंचायतीनं लेखी बोलावं. जाळी सांडव्याच्या तोंडाशी नको, एवढंच. सांडव्याच्या पुढच्या चरात झुडपं वाढली असतील, दरड घसरून दगड पडले असतील, तर तेही याच महिन्यात श्रमदानानं काढा. यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट बघायची गरज नाही, मात्र काढण्याआधी आणि काढल्यावर फोटो घ्या.

खेकड्यांचं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडीतली घरंच्या घरं वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरलं असं सरकारातूनच सांगितलं गेलं आणि माणसं संतापली. तो राग बरोबर होता. त्या गावातल्या लोकांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. पण त्या रागापायी खेकड्याकडे दुर्लक्षही करू नका. खेकडे, घुशी, साळिंदर मातीच्या बांधात बिळं करतात, आणि बीळ पाण्याच्या पातळीत असेल तर पाण्याला चालत आत जायला रस्ता मिळतो. म्हणूनच बिळं दरवर्षी शोधून, खणून, चिकण मातीनं थर देऊन ठोकून बुजवायची असतात. बीळ करणं हा खेकड्याचा स्वभाव आहे. ते बुजवणं हे ज्याचं धरण त्याचं काम. वर्षानुवर्षं बिळं दिसतायत म्हणजे वर्षानुवर्षं बांधावर कुणी फिरकलेलं नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

झाडांचंही तसंच, फक्त त्यात एक सावधगिरी. मनगटापेक्षा बारीक झुडपं, करवंदी, घाणेरी खुशाल तोडा, बांध उघडा दिसला पाहिजे. झाडीत लपलेला तडा कुणालाच दिसत नाही. पण मोठी झाडं स्वतः तोडू नका आणि मुळं तर अजिबात उपटू नका. झाड मेलं की मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या राहतात. मोठं झाड काढायचं तर मूळ खणून, खड्डा थराथरानं ठोकून भरावा लागतो. ते अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावं.

मोरीबद्दल पत्रात काही नाही, म्हणून मुद्दाम विचारतो. कालव्याला पाणी सोडायची मोरी, आम्ही तिला विमोचक म्हणतो, बांधाच्या पोटातून जाते. ती जिथे खालच्या बाजूला बाहेर निघते, तिथून हे अळू किती लांब आहे? हाताच्या अंतरावर असेल तर मला जास्त काळजी वाटेल. मोरीच्या काँक्रीटच्या कडेला माती नीट ठोकून बसवणं अवघड असतं, रोलर तिथे पोचत नाही, आणि पाणी बरोबर ती फट शोधतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाही सुरुवात मोरीपासूनच झाली होती. काम पुरतं झालेलं नसताना पाणी साठलं आणि मोरीवरचा भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकून तो बांध सकाळपर्यंत धरून ठेवला. पुणं उद्ध्वस्त झालं, खालचं खडकवासलाही फुटलं, पण पाणी शहरात दिवसाढवळ्या आलं. तिवऱ्यात ते रात्री आलं. पावसात झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा माझ्या मनात हेच आलं.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे असाच एक तलाव होता. तिथला चौकीदार जुना माणूस, लिहिता येत नव्हतं. एका श्रावणात तो मला म्हणाला, मोरीच्या तोंडाशी सकाळचं पाणी चहासारखं येतं, दुपारी निवळ होतं. मी म्हटलं पावसामुळे असेल. वरच्या कार्यालयाला कळवलं, तिकडून काही उत्तर आलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. आठ दिवसांनी तो रात्री दोन मैल चालत माझ्या दारात आला. बरोबर एका बाटलीत ते पाणी होतं. कंदिलासमोर बाटली धरली तर खाली बोटभर गाळ. त्या रात्री आम्ही मोरीची झडप थोडी थोडी उघडत पातळी उतरवायला घेतली आणि गळतीच्या तोंडावर आधी जाड वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असे थर टाकले. तिसऱ्या दिवशी पाणी निवळ झालं. खालच्या गावात कुणाला काही कळलंही नाही. तो बाटली घेऊन आला नसता तर काय झालं असतं, हा विचार मला आजही पहिल्या मोठ्या पावसाला येतो. काचेचा ग्लास मी तुम्हाला सांगितला तो त्या बाटलीवरून.

त्या रात्रीतली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण अशा वेळी गावात हमखास उलट केलं जातं. खालच्या बाजूनं गळती दिसली की लोक चिकण माती, प्लास्टिक, सिमेंट घेऊन तिचं तोंड बुजवायला धावतात. कधीही बुजवू नका. पाणी कोंडलं की ते शेजारून, जास्त जोरानं, दुसरीकडून फुटतं. पाण्याला जाऊ द्यायचं आणि मातीला अडवायचं, हा नियम. म्हणून वाळू, खडी, दगड. आणि पाण्याच्या बाजूला भोवरा दिसला, पाणी कुठेतरी आत ओढलं जातंय असं वाटलं, तर मग काही टाकत बसू नका, माणसं हलवा. झडपही एकदम सगळी उघडायची नाही. पाणी झपाट्यानं उतरलं तर आतल्या बाजूचा ओला उतार घसरतो.

आता गावाच्या भीतीचं, की तलाव रिकामा करतील. ही भीती खोटी नाही, तुम्ही ती उडवून लावू नका. मे महिन्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन कोण चढतं हे मला माहीत आहे. पण आपल्या पावसाचा हिशोब गावासमोर मांडा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुमचा तलाव जुलैमध्येच भरत असेल आणि पुढे दोन-अडीच महिने सांडवा वाहत असेल. म्हणजे जून-जुलैमध्ये मोरी उघडी ठेवली, तलाव मुद्दाम अर्धा ठेवला आणि ऑगस्टच्या मध्यापासून भरायला घेतला, तरी सप्टेंबरअखेर तो भरलेलाच असेल. मे महिन्याचं पाणी एका हंड्यानं कमी होणार नाही. मिळतं ते असं, की जुलैच्या धो धो पावसात बांधावर ताण कमी राहतो आणि पहिला मोठा लोंढा पोटात घ्यायला तलावात जागा राहते. पूर येत नाही म्हणून तुम्ही तलावाला दुवा देता, तो पूर अडवतो ते या रिकाम्या जागेमुळे. तलाव काठोकाठ भरला की वरून जितकं येतं तितकं सांडव्यातून खाली जातं, तेव्हा तो पूर अडवत नाही. मात्र ढगफुटीसारखा पाऊस आला तर मोरी पुरी पडणार नाही, लोंढा सांडव्यानंच जाईल. म्हणून पोती काढण्याला पर्याय नाही. आणि मोरीची झडप गंजून बसली आहे का, फिरते का, हे आत्ता, पाणी कमी असताना बघायला लावा. कितीतरी तलावांवर ती वर्षानुवर्षं फिरवलेलीच नसते.

तेव्हा ग्रामसभेत "धरण धोकादायक आहे" असं म्हणू नका. त्या वाक्यानं दोन तट पडतात. "यंदा तलाव ऑगस्टमध्ये भरू या आणि तोवर मोरीची झडप, बिळं आणि पायथा दुरुस्त करून घेऊ या" असं मांडा. १ मेची ग्रामसभा तोंडावर आली आहे, त्यातच ठराव घ्या. सासऱ्यांशी तिथे वाद घालू नका. त्यांना आदल्या दिवशी बांधावर न्या आणि विचारा, "मामंजी, तीन वर्षांपूर्वी इथे अळू होतं का?" बांध होताना त्यांनी पाहिला असेल, माती कुठून आणली, पाया किती खोल खणला हे त्यांना आठवत असेल. ती माहिती कुठल्याच फायलीत सापडणार नाही. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर ती त्यांच्या नावानं लिहा.

कागदाचं काम. पहिली अडचण मालकाची. लहान तलावांचं निम्मं दुखणं तिथेच असतं, हा म्हणतो त्यांचा, तो म्हणतो यांचा. साधारणपणे शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात, त्याहून मोठे मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. वाद घालण्यापेक्षा तलाठ्याकडून बुडीत जमिनीचा सातबारा काढा, संपादन ज्या खात्यानं केलं त्याचं नाव सहसा त्यावर असतं. आणि बांधावर कुठेतरी तलावाची माहिती कोरलेला दगड किंवा पाटी असेल तर ती पुसून वाचा. उंची आणि साठा हवा आहे.

साठा का, तर धरण सुरक्षा कायदा, २०२१. तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, म्हणून "तुमचं बाराच मीटर, कायद्यात बसत नाही" असं तुम्हाला सांगतील. पण दहा ते पंधरा मीटरमधली धरणंही काही अटींवर त्यात येतात. बांधाची लांबी पाचशे मीटर किंवा जास्त असेल, किंवा साठा दहा लाख घनमीटर, म्हणजे १ दलघमी किंवा जास्त असेल, तर ती त्यात आलीच. पाटीवर १.१० दलघमी असं काही दिसलं तर तुमचा अर्ज वेगळ्या वजनाचा होतो. मग पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणं, आणीबाणीचा कृती आराखडा तयार करणं हे मालकाला बंधनकारक आहे. नाही बसलं तरी खचून जाऊ नका. धरण आहे आणि खाली माणसं राहतात, तेव्हा जबाबदारी सुटत नाही, फक्त पाठपुरावा जास्त करावा लागतो.

अर्ज एका पानाचा करा. वहीच्या नोंदी, चार फोटो, ग्रामसभेचा ठराव जोडा, आणि मागणी नेमकी ठेवा: पंधरा दिवसांत अभियंत्यानं प्रत्यक्ष पाहणी करून लेखी अहवाल द्यावा. प्रत तहसीलदारांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. सोबत माहिती अधिकारात मागच्या पाच वर्षांचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे तपासणी अहवाल मागा, दहा रुपयांचं शुल्क आहे. माहिती माणसाच्या जिवाशी निगडित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जात हे वाक्य लिहा आणि खाली किती घरं आहेत तेही लिहा. अहवाल मिळाले तर गळती कधीपासून नोंदवली आहे ते कळेल. अहवालच नाहीत असं उत्तर आलं तर ते उत्तर तुमच्या अर्जाला जोडा.

हे सगळं चालू राहील आणि पाऊस त्याच्या वेळेला येईल. दुरुस्ती यंदा होईलच असं नाही. म्हणून रात्रीची सोय वेगळी करा आणि ती दुरुस्तीवर अवलंबून ठेवू नका. ओढ्याकाठच्या आठ-दहा घरांनी दिवसाउजेडी एकदा चालून बघा: घरातून निघून ओढ्यापासून लांब, वर, किती मिनिटांत पोचतो. ओढ्याच्या कडेकडेनं खाली पळायचं नाही, साकव ओलांडायचा नाही, गुरं सोडून द्यायची, दावं कापायला कोयता गोठ्यातच ठेवायचा. वर जाऊन थांबायचं ते शाळेत की देवळात, हे आधी ठरवा. म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार, नाव घेऊन ठरवा, कारण तुमच्यासारखीच कितीतरी घरं अशी असतील जिथे कर्ता पुरुष मुंबईला आहे. देवळाची घंटा सलग वाजत राहिली की निघायचं, मोबाइलवर विसंबू नका, पावसात रेंज जाते. मुसळधार पावसाच्या रात्री दोघांनी जागं राहायचं, पाळी लावा. त्यांनी बांधावर चढायचं नाही, लांबून बॅटरीनं पायथा आणि सांडवा बघायचा. गढूळ पाणी, बांधाला नवीन तडा, उतारावरची माती खचलेली, किंवा ओढ्याचं पाणी पाऊस चालू असून अचानक बदललेलं दिसलं, तर खात्री करत बसायचं नाही. आधी घंटा, मग १०७७ किंवा ११२ ला फोन. चार वेळा उगीच वाजली तरी चालेल, हे आधीच सगळ्यांनी मान्य करून ठेवा, म्हणजे पाचव्या वेळी वाजवणाऱ्याचा हात थांबणार नाही.

आणि पाळ्या लागल्या की ज्या रात्री तुमची पाळी नाही त्या रात्री तुम्ही झोपा. तीन वर्षं त्या बांधाची राखण तुम्ही एकटीनं, अंथरुणात पडून केली आहे.

बायकांना कपडे धुवायला सध्या तिथेच जाऊ द्या. पाणी बदललं तर पहिलं त्यांनाच कळेल, पांढऱ्या धोतराला मातीचा रंग लागला की. त्यांना फक्त सांगून ठेवा की असं झालं तर तुम्हाला येऊन सांगायचं.

पुढच्या पत्रात मला तीन गोष्टी कळवा: अळूपासून मोरीचं तोंड किती पावलांवर आहे, पाटीवर साठा किती लिहिलाय, आणि ग्लासाच्या तळाशी काय दिसलं. तळाशी माती असेल तर पत्र पाठवू नका, त्याच दिवशी तहसील कार्यालयात जा, ग्लास सोबत घेऊन.